दोन मिलिमीटरचा भुंगेरा आणि त्याचे नाव

श्रोतेहो, नमस्कार.

सह्याद्रीत अमुक प्राण्याची नवी प्रजाती सापडली, अशी बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून येत असते. बातमी चार ओळींची असते, सोबत एक रंगीत छायाचित्र असते, आणि वाचणाऱ्याची समजूत अशी होते की कोणी संशोधक जंगलात गेला, त्याला एक अनोळखी जीव दिसला, त्याने त्याला नाव दिले आणि काम संपले. प्रत्यक्षात जीव हाती लागणे हा या कामाचा सर्वांत छोटा भाग आहे. पाण्यातला भुंगेरा गाळणीत यायला एखादी दुपार पुरते. तो नवा आहे असे म्हणण्याचा अधिकार मिळवायला मात्र वर्षे जातात. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील अभ्यासकांनी २०१२ साली याचा हिशेब मांडला होता. नमुना गोळा झाल्यापासून नवी प्रजाती म्हणून त्याचे वर्णन छापून येईपर्यंत सरासरी जवळजवळ २१ वर्षे लागतात, असे त्यांना आढळले. ही वर्षे कशात जातात, ते पाण्यातल्या अगदी लहान भुंगेऱ्याच्या उदाहरणाने आज सांगायचे आहे.

भुंगेरे हा कीटकांमधला सर्वांत मोठा गण. पुढची पंखजोडी कडक होऊन तिने मागच्या नाजूक पंखांना आणि पोटाला झाकलेले असते, म्हणून आपल्याकडे या गणाला ढालपंखी असे नाव रूढ झाले आहे. आजवर त्यांच्या सुमारे चार लाख प्रजातींची नोंद झाली आहे. त्यांतले बहुतेक जमिनीवर राहणारे; पण जवळपास तीस कुळांमधल्या भुंगेऱ्यांनी पाण्याचा आसरा घेतला आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात पाणभुंगेऱ्यांच्या सुमारे १२,६०० प्रजातींचे वर्णन झालेले आहे आणि प्रत्यक्षात त्या १८,००० च्या आसपास असाव्यात, असा अंदाज दिला होता. याचा अर्थ असा की दहांतल्या तीन प्रजातींना अजून नावच नाही, आणि या बिननावाच्या मंडळींमध्ये मोठा भरणा लहानग्यांचा असणार, हे ओघानेच आले.

ठाणे-नवी मुंबईच्या परिसरात राहणाऱ्या कोणीही मोठे पाणभुंगेरे पाहिलेले असतात, निदान पावसाळ्यात दिव्यावर येऊन आपटणारा काळपट हिरवा सिबिस्टर तरी पाहिलेला असतो. त्याची लांबी दोन-अडीच सेंटिमीटर असते, त्यामुळे तो नजरेतून सुटत नाही. संथ पाण्याच्या पृष्ठभागावर गरगर फिरणारे चकचकीत काळे भुंगेरेही अनेकांच्या ओळखीचे आहेत. पण याच सिबिस्टरच्या कुळात, म्हणजे डायटिसिडी कुळात, बिडेसिनी नावाचा एक गट आहे आणि त्यातले बहुतेक भुंगेरे एक ते तीन मिलिमीटरचे असतात. राजगिऱ्याच्या दाण्याला पाय फुटून तो पोहू लागला तर जसा दिसेल, तसा यांतला एखादा साध्या डोळ्यांना दिसतो. रंग पिवळसर किंवा तपकिरी, पाठीवर गडद पट्टे किंवा ठिपके, आणि चाल अशी की क्षणात गाळाखाली नाहीशी होणारी.

हे जीव शोधायला तलाव हीच जागा चांगली, असे आपल्याला वाटते. ठाणे तर तलावांचेच शहर. परंतु मासुंदा किंवा उपवनसारख्या, काठ बांधून काढलेल्या आणि मासे सोडलेल्या तलावांत लहान पाणभुंगेऱ्यांना लपायला जागा थोडी आणि खाणारे फार. त्यांच्या आवडीच्या जागा निराळ्या असतात. येऊरच्या जंगलातले ओहोळ, खारघरच्या टेकडीवरून उतरणारे पावसाळी ओढे, पारसिकच्या डोंगरातले खळगे, या ठिकाणी जुलै ते नोव्हेंबर या काळात बोटभर खोलीचे पाणीसुद्धा वस्तीला पुरते. काळ्या कातळावरून जिथे पाण्याचा पातळ पापुद्रा सतत झिरपत असतो आणि त्यावर शेवाळ धरलेले असते, ती जागा तर विशेष पाहण्यासारखी. २००२ साली दक्षिण आफ्रिकेतील अशाच झिरपत्या कातळावर सापडलेल्या भुंगेऱ्यासाठी ॲस्पिडायटिडी हे संपूर्ण नवे कुळ उभे करावे लागले. २००५ साली व्हेनेझुएलातल्या मेरू फिलिसी या प्रजातीच्या बाबतीतही तेच झाले. तिची लांबी तर एक मिलिमीटरहूनही कमी आहे. नवी प्रजाती सापडणे समजू शकते. पण एकविसाव्या शतकात भुंगेऱ्यांचे नवे कुळ ओल्या दगडावरून खरवडून निघावे, यावरून अशा जागा आजवर किती कमी पाहिल्या गेल्या आहेत, याची कल्पना येते.

साधने अगदी साधी असतात. बारीक जाळीची चहाची गाळणी, पांढरा उथळ ट्रे, मऊ कुंचला आणि अल्कोहोलच्या लहान कुप्या एवढ्यावर काम होते. काठाजवळच्या कुजक्या पानांतून गाळणी फिरवून आत आलेला सगळा ऐवज ट्रेमध्ये थोड्या पाण्यात पसरायचा आणि स्वस्थ बसायचे. पहिल्या मिनिटात काहीच हलत नाही. मग गाळ खाली बसू लागतो, आणि आतापर्यंत वाळूचा कण वाटलेली एखादी गोष्ट तिरकी तिरकी पळत ट्रेच्या कडेला जाऊन थांबते. थोड्या वेळाने ती शेपटीकडून वर येते, पोटाचे टोक पृष्ठभागाला क्षणभर टेकवते आणि पुन्हा खाली जाते. ढालपंख आणि पोट यांच्यामधल्या पोकळीत हवा भरून घेण्याची ही तिची रीत आहे. तेवढ्या हवेवर ती पाण्याखाली वावरते. डासांच्या आणि चिलटांच्या बारीक अळ्या, लहान कवचधारी जीव असे जे मिळेल ते खाते. डास मारण्यासाठी साचलेल्या पाण्यावर सरसकट तेल किंवा कीटकनाशक फवारले जाते, तेव्हा हवा घ्यायला वर येणारा हा डासांचा शत्रूही डासांबरोबरच मरतो. पण तो एका स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

डबके आटले की हे भुंगेरे उडून दुसरीकडे जातात. पाणी ओळखण्याची त्यांची खूण म्हणजे पृष्ठभागावरून परावर्तित होणारा विशिष्ट दिशेचा, म्हणजे ध्रुवित, प्रकाश. गुळगुळीत काळ्या पृष्ठभागावरूनही तसाच प्रकाश येतो. त्यामुळे सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या टपावर एखादा पाणभुंगेरा येऊन बसलेला दिसला, तर त्याने गाडीला तळे समजले आहे, असे खुशाल मानावे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कुपीत आलेला भुंगेरा प्रयोगशाळेत आणला म्हणजे तो प्रथम एका लहान त्रिकोणी कार्डाच्या टोकावर पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाने चिकटवला जातो, ते कार्ड टाचणीला लावले जाते आणि टाचणीत एक चिठ्ठी ओवली जाते. या चिठ्ठीचे महत्त्व नमुन्याइतकेच आहे. ठिकाण, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, पाण्याचे स्वरूप आणि गोळा करणाऱ्याचे नाव या गोष्टी तिच्यावर नसतील, तर उत्तमातला उत्तम नमुनाही अभ्यासाच्या दृष्टीने जवळपास निरुपयोगी ठरतो.

नंतर सूक्ष्मदर्शकाखाली मोजमाप सुरू होते. लांबी मोजणे हे सर्वांत सोपे काम असावे असे आपल्याला वाटेल; पण हा भुंगेरा डोके कधी आत ओढून घेतो, कधी बाहेर ठेवून मरतो, त्यामुळे एकाच प्रजातीच्या दोन नमुन्यांची लांबी उगाचच वेगळी भरते. म्हणून संपूर्ण लांबी आणि डोके वगळून उरणारी लांबी, अशी दोन मापे घेण्याचा प्रघात आहे. बिडेसिनी गटातल्या भुंगेऱ्याच्या छातीच्या पाठीमागच्या कडेशी, डावीकडे आणि उजवीकडे, एकेक आखूड कोरीव रेघ असते, आणि बहुतेकांत तीच रेघ पुढे ढालपंखाच्या बुडाशी चालू राहिल्यासारखी दिसते. ही रेघ किती लांब आहे, सरळ आहे की आत वळलेली, ढालपंखावर ती छातीवरच्या रेघेपेक्षा आखूड पडते की लांब, डोक्याच्या मागच्या बाजूला आडवी बारीक रेघ आहे की नाही, दोन ढालपंख जिथे जुळतात त्या शिवणीला समांतर रेघ आहे की नाही, यांवर वंश ठरतो. अंगावरचे सूक्ष्म खळगे दाट आहेत की विरळ, त्यांच्या मधली जागा चकचकीत आहे की जाळीदार नक्षीमुळे मंद, याचीही नोंद करावी लागते. दोन मिलिमीटरच्या जिवावर हे सारे वाचायचे, तेही दिवा किंचित सरकवला तरी रेघ दिसेनाशी होत असताना. डोळ्यांची आणि मानेची परीक्षाच असते.

रंगावर फार भिस्त ठेवता येत नाही. कोषातून नुकताच बाहेर पडलेला भुंगेरा फिकट असतो आणि काही दिवसांनी गडद होतो; पाठीवरचे पट्टे एकाच डबक्यातल्या दोन भावंडांमध्येही वेगळे असू शकतात. काही प्रजातींत नर चकचकीत आणि मादी मंद असते. जुन्या काळी अशा नर-मादींना दोन वेगळ्या प्रजाती समजून दोन नावे दिली गेल्याची उदाहरणे कीटकशास्त्रात कमी नाहीत.

या सगळ्यातून निर्णायक ठरतो तो नराचा जननावयव. सर्वसामान्य श्रोत्याला हे थोडे विचित्र वाटेल. परंतु बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन प्रजातींमध्ये या अवयवाचा आकार बहुधा स्पष्टपणे वेगळा असतो, आणि एका प्रजातीच्या आत मात्र तो फारसा बदलत नाही. वाळलेला नमुना गरम पाण्यात ठेवून मऊ करायचा, अतिशय बारीक टाचणीने पोटाच्या टोकातून तो अवयव अलगद ओढून काढायचा, भोवतीचे स्नायू साफ करायचे, आणि ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून त्याचे खालून आणि बाजूने चित्र काढायचे. त्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. त्याचे टोक बोथट आहे की निमुळते, सरळ आहे की आकडीसारखे वळलेले, हे त्या चित्रातून दिसले पाहिजे. टाचणी घसरली आणि अवयव उडाला, तर टेबलावर तो पुन्हा सापडेलच असे नाही. आजकाल वेगवेगळ्या खोलींवर घेतलेली अनेक छायाचित्रे संगणकावर एकत्र करून सर्व भाग स्पष्ट दिसणारे एकच छायाचित्र बनवता येते. असे असले तरी हाताने काढलेले रेखाचित्र मागे पडलेले नाही, कारण नेमके काय पाहायचे ते चित्रकार ठरवतो. कॅमेऱ्याला ते ठरवता येत नाही.

इथवर आल्यावर संशोधकाला इतकेच कळलेले असते की आपल्यासमोरचा भुंगेरा आपल्याला ओळखता येत नाही. हे अज्ञान आपले आहे की विज्ञानाचे, हा प्रश्न अजून सुटायचा असतो, आणि खरी वर्षे जातात ती याच ठिकाणी. भारतातले कीटक अठराव्या शतकापासून युरोपात जात राहिले. फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने तमिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या, म्हणजे तेव्हाच्या ट्रँक्विबारच्या, डॅनिश वसाहतीतून आलेल्या अनेक कीटकांची वर्णने केली. डेव्हिड शार्प यांचा मांसाहारी पाणभुंगेऱ्यांवरचा मोठा ग्रंथ १८८२ सालचा. मॉरिस रेजिंबार या फ्रेंच डॉक्टरने भारत, चीन आणि मलाया या प्रदेशांतील डायटिसिडी कुळाचा आढावा १८९९ साली घेतला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय प्राणी सर्वेक्षणातील टी. जी. वझिरानी यांनी आपल्याकडच्या पाणभुंगेऱ्यांवर दीर्घकाळ काम केले. या सर्वांनी वर्णिलेल्या, आणि शेजारच्या श्रीलंका, म्यानमार, नेपाळ या देशांतून वर्णिल्या गेलेल्या, त्या वंशातल्या प्रत्येक प्रजातीशी आपला नमुना ताडून पाहावा लागतो.

ताडून पाहायचे म्हणजे वाचायचे, असे असते तर किती बरे झाले असते. जुनी वर्णने अनेकदा लॅटिनमधल्या दोन-तीन ओळींची असतात: अंडाकृती, पिवळसर, पाठीवर काळे डाग. असे वर्णन डझनभर प्रजातींना लागू पडेल. त्या काळी नराच्या जननावयवाकडे कोणी पाहत नसे. म्हणून मूळ वर्णन ज्या नमुन्यावरून केले तो नमुनाच पाहावा लागतो, आणि तो लंडन, पॅरिस, कोपनहेगन, व्हिएन्ना किंवा कोलकाता यांपैकी कुठल्या तरी संग्रहालयातल्या खणात असतो. त्याच्या चिठ्ठीवर ‘इंडिया ओरिएंटॅलिस’ एवढेच लिहिलेले असू शकते, म्हणजे साऱ्या उपखंडातून नेमके ठिकाण काढायचे झाले तर तर्कावाचून उपाय नाही. नमुना मादीचा निघाला तर आणखी पंचाईत. संग्रहालयाला पत्र लिहायचे, छायाचित्रे मागवायची, ती पुरेशी नसतील तर स्वतः जायचे किंवा तिथल्या अभ्यासकाला विनंती करायची. पूर्वी नुसता जुना ग्रंथ मिळवायलाही मोठ्या शहरातले ग्रंथालय गाठावे लागे. आता असे बरेच ग्रंथ घरबसल्या मोफत वाचता येतात, आणि ठाण्यातल्या एखाद्या शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला हे काम शक्य झाले आहे ते बरेचसे या सोयीमुळे. डीएनएचीही मदत होते. परंतु दीडशे वर्षांपूर्वीच्या वाळलेल्या नमुन्यातून ते मिळवणे कठीण असते, त्यामुळे तुलनेचा भार शेवटी रेघांवर आणि चित्रांवरच राहतो.

ही तुलना टाळली तर काय होते, तेही सांगितले पाहिजे. आधीच नाव असलेल्या प्रजातीला दुसरे नाव दिले जाते, आणि कधी तरी पुढचा अभ्यासक ते दुसरे नाव रद्द करतो. प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार जे नाव आधी रीतसर प्रसिद्ध झाले तेच टिकते. घाईने केलेल्या कामाची अशी रद्द नावे साहित्यात कायमची राहतात आणि पुढच्या प्रत्येकाला ती निस्तरत बसावी लागतात. त्यामुळे माझ्या मते नव्या प्रजातींची संख्या हे कोणाच्याही कामाचे मोजमाप होऊ नये; जुनी चार नावे एकाच प्रजातीची आहेत असे दाखवून देणारा अभ्यास कधी कधी जास्त मोलाचा असतो, मात्र त्याची बातमी होत नाही.

तुलना पूर्ण झाली आणि भुंगेरा खरोखरच नवा ठरला, तर एक नमुना, शक्यतो उत्तम स्थितीतला नर, होलोटाइप म्हणून निवडला जातो. यापुढे त्या नावाचा अर्थ काय, हा वाद कधी उपस्थित झाला तर निवाडा या एका नमुन्यावरून होतो. त्याला बहुधा लाल चिठ्ठी लावतात. सोबतचे इतर नमुने पॅराटाइप म्हणून नोंदवले जातात. संहितेची सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्यानुसार नवी प्रजाती असल्याचे स्पष्टपणे सांगावे लागते, तिला इतरांपासून वेगळे करणारी लक्षणे द्यावी लागतात आणि होलोटाइप कुठे ठेवला आहे किंवा ठेवला जाईल ते नमूद करावे लागते. २०१२ पासून केवळ इंटरनेटवर निघणाऱ्या नियतकालिकातले नावही, ठराविक नोंदणी केलेली असेल तर, ग्राह्य धरले जाते. आपल्याकडे जैविक विविधता कायदा, २००२ याच्या ३९व्या कलमानुसार नव्याने सापडलेल्या प्रजातीची माहिती ठरवून दिलेल्या संस्थेला कळवणे आणि तिथे नमुने जमा करणे बंधनकारक आहे. प्राण्यांच्या बाबतीत अशी प्रमुख संस्था म्हणजे १९१६ साली स्थापन झालेले भारतीय प्राणी सर्वेक्षण; तिचे मुख्यालय कोलकात्यात आहे आणि पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यात आकुर्डीला.

नाव देणे हा सर्वांना उत्सुकता असलेला भाग, पण तो तुलनेने झटपट होतो. नाव रोमन लिपीत हवे. पुरुषाच्या सन्मानार्थ असेल तर साधारणपणे शेवटी ‘आय’, स्त्रीच्या सन्मानार्थ असेल तर ‘एई’, आणि ठिकाणावरून असेल तर बहुधा ‘एन्सिस’ लागते. स्वतःचेच नाव देण्याला संहितेत उघड मनाई नाही, पण तसे कोणी केले तर हसे होते. वर्णनाची भाषा कोणती असावी यावर मात्र बंधन नाही. वनस्पतिशास्त्रात २०११ अखेरपर्यंत लॅटिनची सक्ती होती, प्राणिशास्त्रात तशी नव्हती, त्यामुळे पाणभुंगेऱ्याचे वर्णन कोणी मराठीत प्रसिद्ध केले तरी नियमाने ते वैध ठरेल. जगभरच्या अभ्यासकांना समजावे म्हणून इंग्रजीचा आधार घेतला जातो, इतकेच.

या कामात हौशी माणसांना जागा आहे का, असे मला अनेकदा विचारले जाते. बोर्निओतल्या मालियाऊ खोऱ्यात सामान्य नागरिकांना सोबत घेऊन गेलेल्या एका मोहिमेत तीन मिलिमीटरचा एक पाणभुंगेरा सापडला आणि २०१८ साली त्याचे वर्णन अभिनेते लिओनार्डो डिकॅप्रिओ यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. तेव्हा जागा जरूर आहे. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि उद्यानाच्या हद्दीतून वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक भुंगेराही उचलता येत नाही. दुसरे असे की बिडेसिनी गटातली प्रजाती मोबाइलच्या छायाचित्रावरून ओळखता येणार नाही. ती जबाबदारी सूक्ष्मदर्शकाची आहे. ज्यांना हाताला आणि नजरेला सवय लावायची असेल त्यांनी आवारातल्या बागेच्या हौदात किंवा गावाकडच्या विहिरीजवळच्या डबक्यात गाळणी फिरवून पाहावी, ट्रेमध्ये काय हलते ते वहीत लिहावे, सोबत तारीख, ठिकाण आणि पाण्याची खोली लिहावी, आणि भुंगेरे परत पाण्यात सोडावेत. अशा नोंदी वर्षभर नेमाने ठेवल्या तर कोणत्या महिन्यात कोणत्या आकाराचे भुंगेरे कुठे येतात हे कळू लागते, आणि नमुने गोळा करायला निघालेल्या अभ्यासकाला नेमके कोणत्या आठवड्यात कुठे जायचे ते ठरवता येते.

नमस्कार.